बत्तिसावी नोंद

रुक्मिणीनगर, अमरावती
१२ जून २०२४

प्रिय ज्योत्स्ना,

अक्षर ओळखलंस का? सिस्टर फिलोमिनांनी पट्टी धरून सरळ केलेलं अक्षर अजून तसंच आहे, आता नुसतं थरथरतं. मी शकुन. तिवशाची, होस्टेलात तुझ्या शेजारच्या खाटेवरची.

तुझा पत्ता आपल्या होस्टेलातल्या रागिणीने दिला. अकोल्याला एका लग्नात तू तिला भेटलीस म्हणे, ओळख दिलीस, पण जेवायला थांबली नाहीस. तिने फोन नंबरही दिला होता. दोनदा लावला आणि वाजायच्या आत बंद केला. सेहेचाळीस वर्षांनी फोनवर काय बोलणार? 'हॅलो, मी ड्रॅगनवाली' म्हणू?

कारण मात्र ड्रॅगनचंच आहे. माझी नात आचल, स्वप्निलची मुलगी, तेरा वर्षांची आहे. उन्हाळ्याच्या सुट्टीत तिने माळ्यावरची माझी ट्रंक उतरवायला लावली. त्यात स्वेटरांच्या खाली आपलं रजिस्टर निघालं! दोनशे पानी लांब वही, खाकी कव्हर, वर तुझ्या हातचं शीर्षक: 'ड्रॅगन : वर्ग, कुळे व सवयी. परवानगीशिवाय उघडू नये.' आचलने अर्थातच परवानगी विचारली नाही.

दुपारभर आम्ही दोघी वाचत बसलो. चॅपेलमधला तो पुतळा आठवतो? देवदूताच्या पायाखाली चिरडलेला ड्रॅगन, एका डोळ्याचा टवका उडालेला. सगळ्या मुली देवदूताकडे बघून प्रार्थना म्हणायच्या आणि आपल्या दोघींना त्या ड्रॅगनचीच दया यायची. 'हा कोणत्या जातीचा असेल?' असं तू माझ्या कानात विचारलंस आणि तिथून सगळं सुरू झालं. उन्हाळ्यात काळ्या मातीच्या भेगांत राहणारा भेगवासी. जिनिंगमधल्या कापसाच्या गंजीतला सरकीखाऊ. संत्र्याच्या बागेतला केशऱ्या, जो वर्षातून दोनदा अंडी घालतो, एकदा आंबिया बहारात, एकदा मृग बहारात. कौंडण्यपूरच्या डोहातला डोहकर, जो फक्त यात्रेच्या दिवशी वर येतो आणि हरवलेल्या चपला खातो. मी इतकी हसले की आचल पाणी घेऊन आली.

हल्लीची मुलंही हे करतात गं. आचलने एक अख्खा देश कल्पिलाय, नकाशासकट, आणि त्यात सोडायला तिला प्राणी हवे आहेत. ती म्हणाली, 'आजी, बाकी सगळे नुसते भारी भारी ड्रॅगन काढतात. तुमच्याकडे शिस्त आहे.' शिस्त तुझी होती. एका वेळी एकच प्रश्न. आग आहे की नाही? पंख आहेत की नाहीत? एकटा की कळपात?

इथले एक प्रकाशक मुलांची पुस्तकं काढतात. त्यांना आपलं रजिस्टर छापायचं आहे, आचलच्या नव्या जाती जोडून, तिच्याच चित्रांसह. नावं आपली दोघींची. सोबत संमतीपत्र आहे, त्यावर तुझी सही हवी. मनोगत मी लिहिलंय, साधंच. दोन मुली, एक वही, आणि मग तुझ्या बाबांची बदली होऊन जोडी फुटली.

लवकर लिही. इतक्या वर्षांत एकदाही का लिहिलं नाही आपण?

तुझीच,
शकुन

*

जठारपेठ, अकोला
२७ जून २०२४

शकुन,

जयभीम. पत्र मिळालं. अक्षर ओळखलं.

आधी वर्गीकरणाच्या दुरुस्त्या. सरकीखाऊ आग ओकत नाही. त्याच्या नाकात कापूस जातो, तो शिंकतो आणि ठिणगी पडते. ओकणं आणि शिंकणं यात हेतूचा फरक आहे, त्यावरून आपण दोन दिवस भांडलो होतो. केशऱ्याला मृग बहारात अंडी होतात, पण आधी बागेचं पाणी तोडून ताण दिला नाही तर होत नाहीत. हे तू नाही, तुझ्या वडिलांनी, खुशालरावांनी सांगितलं होतं. डोहकर डावीच चप्पल खातो.

दुसरी दुरुस्ती. माझे बाबा मोतीराम बार्शीटाकळीच्या पंचायत समितीत शिपाई होते. तिथेच लागले आणि तिथूनच रिटायर झाले. त्यांची बदली कधी झाली नाही. झाली असती तरी मी होस्टेलात राहत होते. बार्शीटाकळीतल्या माणसाची बदली झाली म्हणून अमरावतीची माझी खाट कशाला हलेल?

संमतीपत्रावर सही केलेली नाही. मी तेहतीस वर्षं दस्त नोंदणीच्या कार्यालयात काढली. जमिनीची खरेदीखतं यायची, साक्षीदार यायचे, न वाचता सह्या ठोकायचे. मी प्रत्येकाला विचारायचे, 'वाचलं का? खाली तुमचं नाव राहणार आहे.' साहेब चिडायचे. लोक म्हणायचे, 'बाई, तुमाले काय कराचं?' तरी विचारायचे.

तेव्हा मनोगत पाठव. आणि पान सव्वीसवर काय आहे, ते लिहून कळव.

फोन करू नकोस. लिहिलेलं राहतं.

ज्योत्स्ना

*

अमरावती
९ जुलै २०२४

प्रिय ज्योत्स्ना,

तुझं पत्र वाचून आधी हसले, मग पुन्हा पहिल्यापासून वाचलं. डावीच चप्पल! कसं लक्षात राहतं तुला?

बदलीचं चुकलं असेल माझं. इतक्या मुली येत-जात होत्या. कुणाची बदली, कुणाचं लग्न. माझ्या मनात तसंच बसलं होतं खरं.

पान सव्वीस वहीत नाही. शिवणीपाशी फाडल्याची कड तेवढी दिसते. सिस्टरांनी काढून घेतलं होतं ना ते? तो घंटाळ होता बहुतेक, सिस्टरांवरूनच बेतलेला. जपमाळेच्या जागी किल्ल्यांचा जुडगा, शेपटीला घंटा, आणि तोंडातून आगीऐवजी 'सायलेन्स' निघतो असं काहीतरी. किती वात्रट होतो आपण! सिस्टर बिचाऱ्या कधीच गेल्या. मला त्यांची आठवण आली की त्यांच्या टेबलावरच्या गुलबक्षीचा वास येतो.

तू नेमकं तेच पान का विचारलंस, ते मी विचारत नाही. लहान होतो गं आपण.

आचलने तुझ्यासाठी तीन नव्या जाती पाठवल्यात, तुझं मत हवंय तिला. ती तुला 'वर्गीकरणवाली आजी' म्हणते. पहिला कूलरवासी: हा कूलरच्या गवतात राहतो, मे महिन्यात पाणी पितो आणि गार फुंकर मारतो. दुसरा टॉवरखाऊ: मोबाईलच्या टॉवरवर बसून सिग्नल खातो, म्हणून मेळघाटात फोन लागत नाहीत. तिसरा पापडी: पापडासारखा उन्हात वाळत पडलेला असतो, कुणी हात लावला की कुरकुरतो. तिसरा मला पाहून काढलाय असा मला संशय आहे.

मनोगतातला तो भाग उतरवून देते: 'नववीच्या वर्षी ज्योत्स्नाच्या वडिलांची बदली झाली. जाताना तिने वही माझ्या हाती दिली आणि म्हणाली, सांभाळ. मी सांभाळली.'

छान आहे ना? प्रकाशकांच्या डोळ्यांत पाणी आलं.

तुझीच,
शकुन

*

अकोला
२१ जुलै २०२४

शकुन,

आधी आचलचं काम, कारण ते प्रामाणिक आहे.

कूलरवासी उत्तम आहे, पण तिने तो बिनआगीच्या वर्गात टाकला. तो पाण्याच्या वर्गात जाईल. ज्याला आग नाही तो प्रत्येक जण बिनआगीचा नसतो. बिनआगीच्या वर्गात तेच, ज्यांना आग असायला हवी होती आणि नाही. टॉवरखाऊ कळपात राहतो की एकटा, ते तिने लिहिलेलं नाही. ते विचारल्याशिवाय कुळ ठरत नाही. पापडीबद्दल मला काही म्हणायचं नाही, तो तिने प्रत्यक्ष पाहिलेला दिसतो. तिला माझे आशीर्वाद सांग.

आता पान सव्वीस.

तुला आठवत नाही असं मी धरून चालते आणि नव्याने सांगते. आपला नियम असा होता की नोंद एकीने करायची आणि खाली सही दुसरीने. 'पाहिले. मान्य.' आणि सही. दुसरीच्या सहीशिवाय जात पक्की होत नाही. जिने नोंद केली तिचं नाव कुठेच येत नसे. हा नियम मीच काढला होता, चौदाव्या वर्षी मला तो फार शास्त्रीय वाटला होता.

घंटाळ तुझा होता. मजकूर तुझा आणि चित्रही तुझं. वहीतली सगळीच चित्रं तुझी, कारण मला उंदीरसुद्धा धड काढता येत नसे. मी फक्त खाली सही केली.

फेब्रुवारी १९७८. अभ्यासाच्या तासाला सिस्टरांच्या हाती वही लागली आणि नेमकं तेच पान उघडलं. अक्षरावरून कळणं शक्य नव्हतं, सगळ्या होस्टेलचं अक्षर त्यांनीच एकसारखं करून ठेवलं होतं. पानावर नाव एकच होतं. माझं.

'ज्योत्स्ना, हे तू काढलंस?' मी म्हटलं, 'नाही.' 'मग सही कुणाची?' 'माझी.' मी तुझ्याकडे पाहिलं. तू भरतकामाच्या रिंगकडे बघत होतीस. त्यात अर्धा भरलेला मोर होता. मी तुझं नाव घेतलं नाही, कारण तू आता उठशील असं मला वाटलं. त्या दिवशी वाटलं, दुसऱ्या दिवशी वाटलं, तिसऱ्या दिवशी बाबा आले.

पहिल्या एसटीने आले होते. टोपी हातात. सिस्टरांनी त्यांना पान दाखवलं. त्यांनी ते बराच वेळ पाहिलं, मग सिस्टरांना हात जोडले आणि मला म्हणाले, 'माफी माग.' मी मागितली. परतीच्या गाडीत ते एक शब्द बोलले नाहीत. मूर्तिजापूरला गाडी थांबली तेव्हा खाली उतरवून त्यांनी मला उसाचा रस पाजला. स्वतः घेतला नाही.

दाखल्यावर वर्तणुकीच्या रकान्यात 'असमाधानकारक' लिहिलं होतं. अकोल्यात दोन शाळांनी तो रकाना वाचून दाखला परत केला. एक वर्ष घरी गेलं. मग बार्शीटाकळी, मग मिळेल ते कॉलेज. प्राणिशास्त्र शिकायचं होतं, ते तुला ठाऊक आहे. मी वही तुझ्या हाती दिली नाही. सिस्टरांनी पान फाडून घेतलं आणि वही टेबलावर टाकली, ती तुझ्याकडे राहिली.

बाबा एकोणीसशे नव्याण्णवमध्ये गेले. त्यांच्या लेखी ते चित्र माझंच होतं. आई आहे, इंदूबाई, चौऱ्याऐंशी वर्षांची. घरात कुठलंही पोर चित्र काढायला बसलं की अजून म्हणते, 'पाय बाई, चित्रापायी शाळा गेल्ती इची.' मी आजवर तिला सांगितलं नाही. सेहेचाळीस वर्षांनी मी कितीही सांगितलं तरी ते माझंच सांगणं. तू लिहिलंस आणि ते छापून आलं, तर ती साक्ष होते.

म्हणून माझी अट एका वाक्याची आहे. मनोगतात लिही: 'ते चित्र मी काढलं होतं. ज्योत्स्नाने फक्त सही केली होती.' ते छापलेलं पान आईला वाचून दाखवेन आणि त्याच दिवशी संमतीपत्रावर सही करेन. आईचं वय पाहता, उशीर करू नकोस.

ज्योत्स्ना

*

अमरावती
२ ऑक्टोबर २०२४

प्रिय ज्योत्स्ना,

उशीर झाला. मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं. खरं सांगू? ऑपरेशन ऑगस्टातच झालं. त्यानंतर रोज कागद घेऊन बसत होते.

आठवतं मला. सगळं आठवतं. मोरसुद्धा. तो पूर्ण केला नाही कधी.

सिस्टरांनी विचारलं तेव्हा मी त्या मोराचे टाके मोजत राहिले. मला वाटलं, तू सांगशील. तू माझं नाव घेतलं असतंस तर मी नाकारलं नसतं, देवाशपथ. तू गप्प राहिलीस आणि मग प्रत्येक तासागणिक ते अवघड होत गेलं. माझे वडील शाळेच्या पालक समितीवर होते. घरी कळलं असतं तर त्यांनी मला शाळेतून काढून लग्न लावून दिलं असतं. नंतर तसंच केलं म्हणा, पण मॅट्रिक तर झाले. तुला शिक्षा होईल असं वाटलं होतं, छड्या, फार तर आठवडाभर चॅपेल झाडणं. नाव कमी होईल असं मनातही नव्हतं.

तुझी खाट रिकामी झाली त्या रात्री मी तुझ्या उशीवर झोपले. हे मी कुणाला सांगितलेलं नाही.

मनोगत बदललंय. आता असं आहे: 'एका गैरसमजातून ज्योत्स्नाला शाळा सोडावी लागली.' यापुढे जायला माझा हात धजत नाही. पुस्तक मुलांचं आहे. आचल ते वर्गात नेणार, मैत्रिणींना दाखवणार. माझी मुलं, सून, व्याही, सगळे वाचणार. आयुष्यभर मी या घरात खरं बोलणारी बाई म्हणून राहिले. आता एकसष्टाव्या वर्षी काय राहिलंय माझ्याकडे? आचलच्या नजरेतली जागा तेवढी. ती घेऊ नकोस.

तुला साक्षच हवी आहे ना, तुझ्या आईपुढे? मग ती मी देते. सोबत त्यांच्या नावे वेगळं पत्र आहे. त्यात सगळं खरं लिहिलंय, त्यांना समजेल तसं. ते वाचून दाखव आणि मग संमतीपत्राचं बघ. छपाई खोळंबली आहे.

तुझीच,
शकुन

(सोबतचं पत्र)

इंदूबाई,

जयभीम. मी तिवशाच्या खुशालरावची पोरगी शकुन. तुमी एक डाव होस्टेलात आल्या होत्या तवा ज्योत्स्नासंग मले बी जवसाची चटनी अन् भाकर देल्ली होती. तशी चटनी मंग कधी खाल्ली नाई.

तुमाले एक सांगाचं रायलं होतं. थे सिस्टरचं चित्र ज्योत्स्नानं नाई काढलं. मी काढलं होतं. तिनं खाली फक्त सही केल्ती. सिस्टरनं इचारलं तवा मी बोलली नाई. मी बोलली असती तं तुमची पोरगी शाळेतून निंगाली नसती. तिचा काई दोष नोता. मले माफी मांगाले तोंड नाई, तरी मांगून राहिली.

शकुन

*

अकोला
२० ऑक्टोबर २०२४

शकुन,

काल दुपारी आईला तुझं पत्र वाचून दाखवलं. ती ओट्यावर लसूण सोलत बसली होती. मी मुद्दाम सावकाश वाचलं. तिच्या तोंडावर काय उमटतं ते पाहायचं होतं मला, त्याच्यासाठी मी सेहेचाळीस वर्षं थांबले होते.

ऐकून म्हणाली, 'थे चटनीचं वाच बरं पुन्हा.'

वाचलं. तिला बरं वाटलं. मग पाकळी सोलता सोलता म्हणाली, 'चित्राचं तं मले माईत होतं.'

'काय माईत होतं?'

'का तू नाई काढलं म्हून. तुले कुठी चित्र काढता येते? उंदीर काढला का मेंढी दिसे. तुह्या बाबानं तं थे पान पायल्याबरोबर वयखलं. घरी येऊन मले म्हने, हे आपल्या पोरीचं काम नोहे. इतकं साजरं तिले येतच नाई.'

शकुन, मी दस्तऐवजांच्या कचेरीत आयुष्य काढलेली बाई आहे. मी पुढचा प्रश्न विचारला.

'मंग मले माफी मांगाले काहून लावली?'

'कोनाचं नाव घ्याव? खुशालरावच्या शब्दावर तुले घेतलं होतं शाळेत. पुढच्या साली प्रियदर्शनीले टाकाचं होतं. त्याच्याच पोरीचं नाव घेतलं असतं तं तिचं दार लागलं असतं. दोघीपैकी एक तं शिको, म्हने तुहे बाबा.'

प्रियदर्शनी माझी धाकटी बहीण. तिला पुढच्या वर्षी त्याच शाळेत प्रवेश मिळाला, तुला कदाचित आठवत असेल. आज नागपुरात डॉक्टर आहे. दिवाळीला येते, मला साडी आणते.

'मले काहून नाई सांगतलं? बाबा गेले तवा बी नाई?'

'सांगतलं असतं तं तू गप रायली असती?' असं म्हणून आईने सालं फुंकरीने उडवली. 'अन् थे शाळा-बिळा आता काय करतं. चाय ठेव.'

मी चहा ठेवला.

सिस्टरांनाही ठाऊक असणार. चित्रकलेच्या वहीवर त्याच मला शून्य द्यायच्या. म्हणजे ते पान पाहिलेली चार माणसं होती, तू, मी, सिस्टर आणि बाबा, आणि चौघांनाही ते चित्र कुणाचं ते माहीत होतं. मला वाटायचं, एकट्या तुझ्या तोंडी एक वाक्य अडकलं आहे आणि ते निघालं की सगळं मोकळं होईल. तुझं वाक्य निघालं. त्याच्या मागे काहीच नव्हतं.

आई मी साक्ष मागायच्या आधीपासून जाणत होती. आता छापून कुणाला वाचून दाखवू? तुझ्या मनोगतात काय लिहायचं ते लिही. संमतीपत्र कोरंच परत पाठवते.

सोबत एक नोंद पाठवते. आपल्या रजिस्टरात एकतिसाव्या जातीवर काम थांबलं होतं. नियम तुला ठाऊक आहे. नोंद मी केली आहे, तेव्हा खालची जागा तुझी.

नोंद क्रमांक : ३२
नाव : तोंडमिट्या
वर्ग : बिनआगीचे
पंख : आहेत. मिटलेले.
राहणं : घरात, शाळेत, कचेरीत. माणसांत मिसळून.
खाणं : दुसऱ्याची वर्षं. एकदम नाही, रोज थोडी.
ओळख : डोळे मायाळू. सगळं पाहतो. रडणाऱ्याला उसाचा रस पाजतो.
भीती : आपलं नाव लिहिलं जाण्याची.
एकटा की कळपात : 'एकटा' असा आजवर समज होता. दुरुस्ती : कळपात.

पाहिले. मान्य.
सही : ................

ज्योत्स्ना

*

अमरावती
३ जानेवारी २०२५

प्रिय ज्योत्स्ना,

पुस्तक आलं! सोबत प्रत पाठवते आहे. कव्हरवर केशऱ्या आहे, रंग काय सुंदर उतरलाय बघ.

तुझं ऑक्टोबरचं पत्र पुन्हापुन्हा वाचलं. त्याला उत्तर काय लिहू? तुझी आई किती मोठ्या मनाची. मला तर वाचून हलकं वाटलं. सगळ्यांना माहीतच होतं म्हणजे माझ्या एकटीवर ते ओझं नव्हतं, असं मनात आलं. चुकीचं आहे का हे? तू रागावणार नाहीस ना?

संमतीपत्र कोरं आलं त्यामुळे प्रकाशक म्हणाले, नाव घालता येणार नाही, पुढे कायद्याचं काही निघायला नको. म्हणून 'एका शाळासोबतिणीच्या आठवणींसह' असं आत घातलंय. आपल्याला कळतं ना कोण ते. आणि मनोगताचं म्हणशील तर ते म्हणाले, मुलांच्या पुस्तकात गैरसमज वगैरे कशाला, बदलीच बरी. मी फार ताणून धरलं नाही.

पण तुझी बत्तिसावी नोंद घेतली आहे! आचलला ती फारच आवडली. 'खाणं' आणि 'भीती' या ओळी मुलांना जड होतील म्हणून काढल्या, पण चित्र बघ. हातात रसाचा पेला, गोल गोल डोळे, तोंडभर हसू. प्रकाशनाला आलेल्या मुलांनी सगळ्यात जास्त टाळ्या त्यालाच दिल्या. एक छोटी तर म्हणाली, मले हा घरी पाहिजे.

सहीची जागा मोकळीच छापली आहे. मुलांना वाटतं, ती त्यांच्या सहीसाठी आहे. मी पेन घेऊन बसले होते एकदा. जमलं नाही.

कधीतरी ये ना अमरावतीला. चॅपेलात जाऊ. तो पुतळा रंगवलाय आता, डोळाही बसवलाय.

तुझीच,
शकुन

*

अकोला
१६ जानेवारी २०२५

चि. आचल,

अनेक आशीर्वाद. आपण भेटलो नाही, पण तुझं काम मी पाहिलं आहे. पुस्तक कालच मिळालं. मी तुझी 'वर्गीकरणवाली आजी'.

कूलरवासीची हिरवी शेपटी मला सगळ्यात आवडली. टॉवरखाऊ कळपात दाखवलास, चांगलं केलंस, विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर दिलंस. मोठी होऊन प्राणिशास्त्र शिकायचं मनात आणलंस तर कुणाचं ऐकून सोडू नकोस.

बत्तिसाव्या जातीच्या चित्रात मात्र एक चूक आहे. डोळे बरोबर आहेत, पेलाही बरोबर आहे. पण तू त्याचं तोंड उघडं काढलंस. या जातीचं तोंड बंद असतं. त्यावरूनच ती ओळखायची. तुझा दोष नाही, वाचलेल्या माहितीतून दोन ओळी गळल्या होत्या, आणि नमुना तू पाहिला नव्हतास.

आणखी एक. खाली सहीची जागा मोकळी आहे ती मुलांसाठी नाही. आमचा नियम होता की प्राणी एकीने काढायचा आणि दुसरीने पाहून सही करायची. ज्याची सही, त्याने तो काढलेला नसतो. हे नीट ध्यानात ठेव, कारण मोठी माणसंही यात चुकतात.

तुझ्याकडे मूळ वही आहे. त्यात पान सव्वीस फाटलेलं आहे, शिवणीजवळ कड दिसेल. ती कड आजीला दाखव आणि विचार, या पानावरचं चित्र कुणी काढलं होतं आणि सही कुणाची होती. एकदाच विचार, आणि मग थांब.

आजीने सांगितलं, तर तुझं चित्र आहे तसं राहू दे.

नाही सांगितलं, तर पेन्सिल घे आणि तिच्यासमोर बस. तोंड कसं काढायचं ते दिसेल.

तुझी,
ज्योत्स्नाआजी